लूमच्या गावात नऊ व्होल्ट

सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या काळ्या अडॅप्टरवर आकडे छापलेले असत: आत 240 व्होल्ट एसी, बाहेर 9 व्होल्ट डीसी, करंट 1.4 अँपिअर. एप्रिल 1982 मध्ये हा संगणक ब्रिटनमध्ये 125 पौंडांपासून पुढे विकायला आला, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाला हे आकडे वाचायची गरज पडत नव्हती. भिंतीतल्या सॉकेटमध्ये 240 व्होल्ट असणारच, असं धरूनच यंत्र बेतलेलं होतं. भारतात मात्र त्या आकड्यांना वेगळाच अर्थ आला. भारतीय विद्युत नियम, 1956 प्रमाणे घरगुती व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या सहा टक्के वर-खाली चालत असे. म्हणजे 230 चा पुरवठा 216 ते 244 च्या दरम्यान राहायला हवा होता. कागदावर तो राहायचाच. सॉकेटमध्ये संध्याकाळी सातला काय येईल हे गल्लीवर, फेजवर आणि शेजाऱ्याने काय चालू केलंय यावर ठरायचं.

बुऱ्हाणपुरात शेजाऱ्याकडे लूम असे.

मध्य प्रदेशातलं ताप्तीकाठचं हे गाव मुघलांच्या काळापासून कापडावर जगत आलेलं. इथलं कापड सुरतेच्या वाटेने परदेशी जायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताप्ती मिल आली आणि पुढे हातमागांच्या जागी वस्त्यावस्त्यांत यंत्रमाग, म्हणजेच लूम, बसले. वीज या भागात शिरली ती कारखान्यांचं बोट धरून. नेपानगरचा वर्तमानपत्री कागदाचा कारखाना 1956 साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केला. त्याच परिसरात चांदणीला औष्णिक वीज केंद्र होतं. गावातल्या लूमला अर्ध्या-एक हॉर्सपॉवरची मोटार पुरते. पण इंडक्शन मोटार उठतानाच्या क्षणी एरवीच्या पाच-सहापट करंट ओढते. गेलेली लाइट परत आली की गल्लीतल्या साऱ्या मोटारी जवळजवळ एकदम उठतात आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या घरात बल्बचा पिवळा उजेड तांबूस होतो. पंखा जरा मंदावतो, बल्ब परत उजळतो, कुणाचं काही अडत नाही. घरगुती संगणकाचं मात्र अडत होतं, आणि ते का, हे त्या 9 व्होल्टच्या अडॅप्टरमध्येच दडलेलं आहे.

भारतात ज्याला वर्षानुवर्षं ‘बॅटरी एलिमिनेटर’ म्हटलं गेलं, त्याच जातीचा हा अडॅप्टर. आत लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज आणि एक मोठा कंडेन्सर. व्होल्टेज सांभाळणारं काहीच नाही. भिंतीतलं व्होल्टेज ज्या प्रमाणात उतरेल, त्याच प्रमाणात पिनेवरचंही उतरणार. 240 ला 9 व्होल्ट मिळत असतील, तर 180 ला पावणेसातच उरतात. संगणकाच्या आत 7805 नावाची तीन पायांची आयसी असते. आलेल्या व्होल्टेजमधून नेमके 5 व्होल्ट काढून चिपना देणं हे तिचं काम, आणि त्यासाठी तिला किमान 7 व्होल्टच्या आसपास लागतात. पावणेसातवर ती हात टेकते. पडदा विस्कटतो, झेड80 प्रोसेसर भरकटतो आणि यंत्र पुन्हा पहिल्या पानावर, सिंक्लेअर कंपनीच्या कॉपीराइटच्या ओळीवर येऊन बसतं.

हा धक्का किती महागात पडायचा, ते कॅसेटच्या हिशेबाने कळतं. स्पेक्ट्रमला डिस्क नव्हती. प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरवरून सेकंदाला सुमारे दीड हजार बिटच्या गतीने आत यायचा. 48 के मेमरी पूर्ण भरायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागायचा. मासिकात छापलेला प्रोग्रॅम ओळ न् ओळ टाइप केलेला असेल आणि कॅसेटवर उतरवायचा राहिला असेल, तर गल्लीत मोटारी उठल्या की अख्खी दुपार वाया. व्होल्टेज चढलं तरी सुख नव्हतंच. 7805 जास्तीचं व्होल्टेज स्वतःच्या अंगात जाळून टाकते. 9 चे 5 करताना एक अँपिअर वाहत असेल, तर चार वॉटची नुसती उष्णता होते. ती अॅल्युमिनियमच्या पत्र्यावाटे कीबोर्डखाली पसरते. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांना पोचणाऱ्या गावात त्या पत्र्याला बोट लावायची सोय राहत नसे.

घरी संगणक आणणं भारतात मुळातच दुर्मीळ होतं. नोव्हेंबर 1984 मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं आणि आयातीची कवाडं थोडी सैल झाली. त्याच शैक्षणिक वर्षात केंद्राने ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक साक्षरतेचा कार्यक्रम सुमारे 250 शाळांत सुरू केला. त्यासाठी निवडलेलं यंत्र होतं एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याचीच देशी आवृत्ती ‘युनिकॉर्न’ नावाने काढली. अनेक मुलांनी आयुष्यातला पहिला कीबोर्ड पाहिला तो या यंत्राचा, शाळेच्या कुलूपबंद खोलीत, चपला बाहेर काढून.

मराठी मुलखाचं नाव या इतिहासात येतं ते पुण्यामुळे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लसचा रीतसर परवाना घेऊन 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. ज्या वर्षांत पुण्यातच सी-डॅकची स्थापना होऊन (1988) परम महासंगणकाची आखणी चालली होती, त्याच वर्षांत त्याच शहरातून टीव्हीला जोडायचा हा 48 के चा डबा मध्यमवर्गीय घरांत जात होता. काही हजार नग खपले आणि 1990 च्या सुमारास बाजार आटला. तोवर मूळ ब्रिटिश सिंक्लेअरचा संगणक व्यवसायही ॲमस्ट्रॅडने 1986 मध्ये 50 लाख पौंडांना घेऊन टाकला होता.

तिसरी वाट होती नातेवाइकांची. अमेरिकेतला काका किंवा आखातातला मेहुणा सुटीला येताना कमोडोर 64 घेऊन यायचा. आखातातून आलेलं यंत्र 220-240 व्होल्टचं असे, ते एकवेळ चालून जाई. अमेरिकेतल्या यंत्राची वीट, म्हणजे त्याचा जड अडॅप्टर, मात्र 120 व्होल्टची. कन्व्हर्टर पिन लावून ती थेट भिंतीत खोचली, तर पहिला दिवस हाच तिचा शेवटचा दिवस. म्हणून त्या पिढीच्या घरांत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हा एक जड, गुणगुणणारा पाहुणा कायमचा मुक्कामाला आलेला असे.

इथेच भारतीय घराने संगणकाभोवती विजेचं एक वेगळंच साहित्य गोळा केलं. टीव्ही आणि फ्रिजसाठी स्टॅबिलायझर आधीच घरात होता. आत रिले, आणि व्होल्टेज हललं की ‘टक्’ असा आवाज. पण रिले एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर पुरवठा तुटतो, आणि टीव्हीला न जाणवणारा तेवढा क्षण संगणकाला पुरेसा असतो. अडॅप्टरमधला कंडेन्सर फार तर शतांश सेकंदाच्या हिशेबात तग धरतो. म्हणजे संगणक वाचवायला लावलेला स्टॅबिलायझरच कधी कधी त्याला पाडायचा. बँका आणि सरकारी कचेऱ्या त्यामुळे सीव्हीटी वापरत. हा ट्रान्सफॉर्मर लोखंडाच्या चुंबकीय संपृक्ततेचा उपयोग करून, एकही हलता भाग न ठेवता, बाहेरचं व्होल्टेज स्थिर राखतो. तो चटका बसेल इतका तापे, घरघरे आणि दोन माणसांनी उचलावा इतका जड असे. घरगुती संगणकाच्या मालकाला तो परवडत नसे. दुरुस्तीवाल्याकडे डिमरस्टॅट असे, ज्याची चकती फिरवून व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करता येतं. हौशी मालकही काही वेळा तो मागून आणत.

घरगुती संगणक संपले आणि पीसी आले, तरी विजेचा हा गुंता सुटला नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीज केंद्रं तिकडे गेली आणि मागणीचा मोठा वाटा मध्य प्रदेशाकडे राहिला. पुढची तीन वर्षं कपातीची. 2003 ची विधानसभा निवडणूक बिजली-सडक-पानी या मुद्द्यांवर लढली गेली आणि दिग्विजय सिंह यांचं सरकार गेलं.  सीमेपलीकडच्या रावेर-जळगावकडे काही वर्षांत भारनियमनाचा फेरा आला. संगणक विकणारा यूपीएसही सोबतच विके. त्याशिवाय बिलच पुरं होत नसे.

या सगळ्या काळात एक बदल गाजावाजा न होता घडत होता. 7805 चं मूळ 1969 मध्ये आहे. त्या वर्षी नॅशनल सेमीकंडक्टरच्या बॉब विड्लर यांनी एलएम109 ही एका तुकड्यात मावणारी 5 व्होल्टची रेग्युलेटर आयसी बनवली. 5 हा आकडा त्याआधीच्या, 1960 च्या दशकातल्या टीटीएल चिपनी रूढ केला होता. जादा व्होल्टेज जाळून 5 काढायची ही रीत पुढे वीस-पंचवीस वर्षं घरगुती यंत्रांत टिकली. दुसरी रीत स्विचिंगची: हौदाचा नळ सतत अर्धवट उघडा ठेवून वरचं पाणी वाया घालवण्याऐवजी तो सेकंदाला लाखभर वेळा उघड-बंद करायचा आणि लागेल तेवढंच आत घ्यायचं. बीबीसी मायक्रोच्या आत हीच रीत होती, पण स्पेक्ट्रमसारख्या स्वस्त यंत्राला तेव्हा ती परवडत नव्हती. मोबाइल फोनने ती इतकी स्वस्त केली की आज चार्जर रद्दीत पडलेले असतात.

त्या चार्जरवरचा मजकूर जुन्या काळ्या अडॅप्टरच्या मजकुराशेजारी ठेवून वाचावा. इनपुट 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ. लूमच्या मोटारी उठून 230 चे 170 झाले, तरी चार्जरच्या पिनेवर 5 म्हणजे 5. अमेरिका, आखात, पुणे, बुऱ्हाणपूर, सगळीकडे तोच चार्जर चालतो आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं कामच उरत नाही. ज्या यंत्रांना त्यांच्या उमेदीच्या काळात या देशात धड वीज मिळाली नाही, त्यांना ती चाळीस वर्षांनी, म्हातारपणी मिळते आहे.

जुने संगणक जपणारे आज काय करतात, ते स्पेक्ट्रमवरूनच पाहता येतं. टाइप-सी चार्जरची पॉवर डिलिव्हरी पद्धत 5, 9, 15 आणि 20 व्होल्टच्या पायऱ्यांवर चालते. त्यातली 9 ची पायरी स्पेक्ट्रमच्या 9 व्होल्टशी योगायोगाने जुळते. बोटाच्या पेराएवढं ट्रिगर मॉड्यूल चार्जरला ‘9 दे’ असं सांगतं आणि पुढे साधी डीसी पिन जोडायची. मात्र इथे एक सापळा आहे. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत पिनेचा मधला भाग धन असतो; सिंक्लेअरने तो ऋण ठेवला होता. उलटी पिन खोचली की यंत्राची वाट लागते. म्हणून आधी मल्टीमीटर. लाल प्रोब पिनेच्या बाहेरच्या कड्याला, काळा आतल्या भोकात, आणि आकडा सरळ 9 च्या आसपास यायला हवा. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर वायरी फिरवायच्या. जुना अडॅप्टर असाच मोकळा मोजला तर 12-13 व्होल्ट दाखवतो आणि नवखा माणूस तो बिघडला म्हणून फेकून देतो. तो बिघडलेला नसतो. भार पडला की 9 वर येतो.

दुसरी दुरुस्ती यंत्राच्या आतली. स्क्रू काढून कीबोर्ड अलगद उचलायचा, कारण त्याच्या पारदर्शक पट्ट्या जुन्या झाल्या की चटकन तुटतात. पत्र्यासकट 7805 काढायची आणि तिच्या तीन भोकांत तेवढ्याच तीन पायांचं स्विचिंग मॉड्यूल सोल्डर करायचं. ते नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने चालतं. चार वॉटच्या जागी अर्धा-पाऊण वॉट उष्णता होते आणि पत्र्याची गरजच संपते. खालच्या 16 के मेमरीच्या 4116 चिप मात्र जुन्या घराण्यातल्या. त्यांना 5 व्होल्टबरोबर 12 आणि उणे 5 हवेत. ती दोन्ही व्होल्टेज बोर्डावरचं एक छोटं कॉइल आणि ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. उणे 5 गेले आणि 12 चालू राहिले, तर मेमरी जळते. दुरुस्तीवाले यंत्राला पहिली वीज देताच हे दोन आकडे तपासतात ते यासाठी. काही जण 4116 काढून फक्त 5 व्होल्टवर चालणाऱ्या मेमरीची पट्टी बसवतात आणि तो प्रश्नच मुळातून काढून टाकतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशा दुरुस्तीचे सुटे भाग अजूनही मिळतात.

नव्या चार्जरचे उपद्रवही आहेत. स्वस्तातल्या चार्जरचा स्विचिंगचा गोंगाट अँटेनाच्या वायरीतून टीव्हीवर उतरतो आणि पडद्यावर तिरप्या रेघा सरकतात. काही चार्जरमध्ये अर्थिंग नसल्याने संगणकाच्या धातूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. करंट अगदी थोडा असतो, पण टीव्ही आणि टेपरेकॉर्डर जोडताना तोच एखाद्या चिपमधून वाट काढू शकतो. म्हणून आधी सगळ्या वायरी जोडायच्या आणि मग भिंतीतलं बटण दाबायचं, ही जुन्या रेडिओवाल्यांची शिस्त इथेही लागू पडते.

बीबीसी मायक्रोचं दुखणं निराळं. त्याचा पुरवठा आतच आहे आणि अगदी सुरुवातीची यंत्रं सोडली तर स्विचिंगचा आहे, तरी चाळीस वर्षांनी चालू केला की काही मिनिटांत पांढरा, उग्र वासाचा धूर निघतो. भिंतीकडच्या बाजूला लावलेल्या कागदी कंडेन्सरचं पिवळट पारदर्शक कवच वर्षानुवर्षं तडकत जातं आणि त्या भेगांतून दमट हवा आत शिरते. पावसाळ्यातल्या बंद खोलीत पडून असलेल्या यंत्रात हे आणखी लवकर होतं. उपाय स्वस्त आहे. तेवढ्याच क्षमतेचे प्लास्टिकचे एक्स2 कंडेन्सर घालायचे, आणि तेही यंत्र पहिल्यांदा चालू करण्याआधी.

कमोडोर 64 ची काळी वीट सगळ्यांत घातकी. आत रेझिन ओतलेलं, त्यामुळे उष्णता कोंडते आणि दुरुस्तीला उघडताही येत नाही. तिच्यातला रेग्युलेटर जातो तेव्हा बहुधा बंद पडत नाही, उलट 5 च्या जागी जास्त व्होल्ट सोडतो आणि मेमरीच्या चिप पटापट मरतात. जुनी वीट म्हणूनच कुणी जाणकार यंत्राला थेट जोडत नाही. 5 व्होल्टची बाजू आज चांगल्या चार्जरवर निभते. 

कमोडोरची दुसरी बाजू मात्र कुठलाच चार्जर भागवू शकत नाही. त्याला 5 व्होल्ट डीसीबरोबर 9 व्होल्ट एसीही लागतात. जुन्या बोर्डांवर त्यातूनच आवाजाच्या आणि चित्राच्या चिपचे 12 व्होल्ट तयार होतात, आणि यंत्रातलं एक घड्याळ भिंतीतल्या विजेचे सेकंदाला पन्नास ठोके मोजून चालतं. चार्जर एसी देत नाही, त्यामुळे नव्याने बनवलेल्या बहुतेक पुरवठ्यांतही या 9 व्होल्टसाठी लोखंडी ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो. बाजारात तयार मिळाला नाही, तर मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे जायचं. लूमच्या गावात त्याचं दुकान शोधावं लागत नाही. एक चौरस इंच गाभ्याच्या स्टॅम्पिंगवर 50 हर्ट्झला दर व्होल्टमागे सुमारे सात वेढे बसतात. म्हणजे 230 व्होल्टच्या बाजूला 1610, 9 व्होल्टच्या बाजूला 63, आणि भार पडल्यावर होणारी घट भरून काढायला आणखी चार-पाच.